कोनते वानखडे

उन्हाळ्यात आमच्या अकोल्याच्या घरी दुपारी कुणी झोपत नसे. पुढच्या बैठकीत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाळा चाले आणि मधल्या घरात बाईचे सरगुंडे. बाई म्हणजे माझी आई; आमच्याकडे आईला बाईच म्हणत. सरगुंडे तुम्ही दोघा नातवंडांनी तिकडे परदेशात खाल्लेले नाहीत, म्हणून सांगते. घट्ट कणकेची दोरीसारखी लांब वळी करायची, ती बारीक काडीवर वेढे देत गुंडाळायची आणि मग काडी हलकेच ओढून घ्यायची. मागे पोकळ, वेढ्यावेढ्यांचं जे उरतं ते सरगुंडं. ते वाळवून डब्यात भरून ठेवायचे आणि पाहुणा आला की उकडून आमरसात बुडवून वाढायचे. बाई आणि शेजारच्या दोघीजणी समोरासमोर बसत आणि काड्या परातीच्या काठावर ठोकून मोकळ्या करत. तो टक टक आवाज, आणि बैठकीच्या दारांना लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांवरून पाणी ठिबकल्याचा आवाज. पडद्यांवर दर तासाला पाणी मारणं माझ्याकडे होतं. बाहेर ऊन इतकं की अंगणातल्या नळाला फडकं घेतल्याशिवाय हात लावता येत नसे. आता घरात एसी आहे आणि मी तो लावते, त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. फक्त त्याला वास नाही.

आबांची शाळा म्हणजे मुलींचं हायस्कूल. आबा त्या संस्थेचे सचिव होते. शेती त्यांनी धाकट्या भावाकडे सोपवली होती आणि जीव शाळेत ठेवला होता. शाळेवर टिनाचं छप्पर, त्यामुळे मे महिन्यात शाळेची कचेरी उठून आमच्या बैठकीत यायची. आवकजावक रजिस्टर, शिक्का, डिंकाची बाटली, आखीव फुलस्केप कागद. मला या सामानाचा लहानपणापासून मोह. तुमची आई मला हसते की आजी डाळीच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावते. ती सवय त्या बैठकीतली आहे. कॉलेजात गेल्यापासून उन्हाळ्याची सुटी लागली की शाळेचं लिहिण्याचं काम आबा माझ्याकडे देत. "विमलचं अक्षर म्हणजे छापील," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि मी आत जाऊन ते पुन्हा पुन्हा आठवत असे.

शिक्षकांची जागा निघाली की अर्ज पोस्टाने येत. मी ते उघडायचे, त्यांना क्रमांक द्यायचे आणि एका कागदावर तक्ता करायचा. नाव, गाव, शिक्षण, टक्केवारी, आणि शेवटी 'शेरा'. शेऱ्याचा रकाना मी मोकळा ठेवत असे. रात्री जेवणं झाली की आबा तक्ता घेऊन बसत आणि काही नावांपुढे शिसपेन्सिलीने बारीक खूण करत. ती खूण कशाची हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. पण आमच्या जातीच्या उमेदवारांपुढे ती असे, दुसऱ्या कुणापुढे नसे. मुलाखती झाल्या की तक्त्याची शाईची प्रत करायची आणि पेन्सिलची प्रत फाडून टाकायची, तेही मीच करत असे.

यावरून आबा ढोंगी होते असं समजू नका. ते ढोंगी असते तर हे प्रकरण लिहिणं मला सोपं गेलं असतं. त्यांचा खरोखर विश्वास होता की नोकरीत जात पाहणं हा देशाला लागलेला रोग आहे. सरकारच्या राखीव जागांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा लाल होई. "मास्तर गुणानं घ्यायचा का जातीच्या कागदानं?" असं ते विचारत आणि समोरचा मान डोलावे. स्नेहसंमेलनात ते गुणवत्तेवर बोलत आणि चांगलं बोलत. त्याच शाळेत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सोडल्या तर सगळे शिक्षक आमच्यातले किंवा आमच्यात सोयरीक असलेले होते. मोठ्या बाई ब्राह्मण होत्या आणि संस्थेच्या आधीपासून त्या गावात शिकवत होत्या. बाकीच्यांबद्दल आबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, ओळखीची माणसं आहेत, त्यात जात कुठे आली?

मागच्या महिन्यात फोनवर रोहनने मला विचारलं की, आजी, नोकरी देताना माणसाचा वंश पाहावा की नाही, तुला काय वाटतं? त्याच्या शाळेत वादविवाद होता. मी म्हटलं, विचार करून सांगते. त्याने दोन मिनिटं वाट पाहिली आणि फोन बहिणीकडे दिला. मला दोन मिनिटांत सांगता येण्यासारखं नव्हतं.

कुसुम वानखडे आणि मी अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. दोघींचा विषय इंग्रजी. पुढे बी.एड.लाही एकत्र होतो. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. घर चांदूर रेल्वेजवळच्या एका खेड्यात. अभ्यासात ती माझ्या पुढे होती, थोडी नव्हे, चांगलीच. मी नियम पाठ करत असे आणि ती मोठ्याने वाचत असे. खोलीत, गच्चीवर, कपडे धुताना नळावर. तिचा आवाज भरदार होता. खालच्या मजल्यावरची आचारीणबाई वरती तोंड करून ओरडे, "वानखडे, हळू वाच व, माही भाजी लागून राहिली तुह्या नादानं." कुसुम बौद्ध आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं, तिनेच सांगितलं, जसं मी माझ्या वडिलांची शाळा आहे हे सांगितलं तसं. आम्ही एका ताटात खाल्लं, एका उशीवर डोकं ठेवून रडलो. मी स्वतःला फार पुढारलेली समजत होते. पण त्या सगळ्या वर्षांत मी तिला एकदाही, दिवाळीत अकोल्याला ये, असं म्हटलं नाही. तिनेही कधी विचारलं नाही. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

बी.एड.ची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आबांच्या शाळेत इंग्रजीची जागा निघाली. वसतिगृह सोडताना मीच कुसुमला जाहिरात दाखवली. मला वाटलं, ती अकोल्याला आली तर बरं होईल. तिने ट्रंकेवर बसून जाहिरात दोनदा वाचली आणि तिच्या गावच्या बोलीत, जिच्यात बायकाही 'करतो' म्हणतात, विचारलं, "खुली जागा हाय ना ही?"

"हो."

"मंग करतो अर्ज. सरकारी शाळेत आमच्या कोट्याची जागा निघनच कधी ना कधी. पण मले एकडाव अशी घेऊन पाहाची हाय. नाई त जन्मभर ऐकत बसा, कोट्यातून आली."

"आबा गुणवत्ता पाहतात," मी म्हटलं. मला ते खरंच वाटत होतं आणि ती खूणही मला माहीत होती. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत होत्या.

तिचा अर्ज आला. अर्जात जात लिहायची नव्हती, फक्त गुणपत्रिकांच्या नकला. शाळा सोडल्याचा दाखला रुजू होताना आणायचा होता. मी तिला क्रमांक दिला आणि टक्केवारी लिहिली. तक्त्यात तिची सगळ्यांत जास्त होती. रात्री आबांनी तक्ता पाहिला. इथे तुम्हाला आमच्या वऱ्हाडची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पुष्कळ आडनावं सामाईक आहेत. वानखडे आमच्यातही आहेत, माळ्यांतही आहेत, बौद्धांतही आहेत. म्हणून नुसतं वानखडे म्हटल्याने कुणाचं समाधान होत नाही. लगेच विचारतात, कोनते वानखडे? पण टक्केवारी पाहून आबा इतके खूश झाले की त्यांनी ते विचारलं नाही. "चांदूर रेल्वेकडले वानखडे," ते म्हणाले, "म्हणजे आपलेच. तिकडं आपले लय वानखडे हायत." आणि त्यांनी खूण केली. मी शेजारी डिंकाच्या बाटलीचं टोपण घासत बसले होते. मी काही बोलले नाही. त्या गप्प बसण्याचा मला अभिमान वाटला. पंधरा दिवस मी तो अभिमान बाळगून होते. कुसुमला मी काही कळवलं नाही, पण मनात म्हणत होते, बघ, मी तुझ्यासाठी काय केलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळपासून घरात आंब्यांचा वास होता. बाईने टोपलीभर आंबे पाण्यात घालून ठेवले होते. पाच उमेदवार आले. बैठकीत टेबलामागे आबा, त्यांचे चुलतभाऊ नानाकाका आणि मोठ्या बाई. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर इतिवृत्ताची वही घेऊन. आबांची पद्धत अशी की प्रश्नोत्तरांवर त्यांचा भरवसा नसे. शेजारपाजारच्या चार मुली सतरंजीवर बसवायच्या आणि उमेदवाराला पाठ घ्यायला लावायचा. पहिले चार पाठ मला आठवत नाहीत. मुली पडद्याकडे बघत होत्या, एकीने दुसरीच्या वेणीची रिबन सोडली.

कुसुम शेवटची होती. निळ्या काठाची पांढरी साडी, आणि पाय धुऊन आत आली, कारण स्टेशनपासून चालत आली होती. तिने पुस्तक उघडलंच नाही. मुलींना विचारलं, घरात आता कशाकशाचा आवाज येऊन राहिला? मुली म्हणाल्या, पानी गळून राहिलं, काकू ठोकून राहिल्या. मग तिने तीच वाक्यं त्यांच्याकडून इंग्रजीत करून घेतली. काय चालू आहे, काय होऊन गेलं, काय होणार आहे. जी मुलगी शाळेत तोंड उघडत नसे ती उभी राहून इंग्रजीत म्हणाली की माझी आई भाकर करते आहे. मधल्या घरातली टक टक थांबली होती. बाई आणि शेजारणी दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांना एक शब्द कळत नव्हता आणि त्या हसत होत्या.

आबा पुढे झुकले होते. पाठ संपल्यावर ते मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, हे असं पायजे." मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर, कौतुकानेच, म्हणाले, "विमल, पाह्य व. तुह्याहून हिचं इंग्रजी चांगलं हाय. शिक जरा हिच्याकडून." नानाकाका हसले. कुसुमही हसली आणि म्हणाली, "नाई आबासाहेब, विमलचं अक्षर माह्याहून चांगलं हाय." सगळे पुन्हा हसले. मीही हसले.

बाकीचे चौघे चहा घेऊन गेले. कुसुमला आबांनी थांबवलं. "जेवून जाजो पोरी. सरगुंडे केले हायत. ऑर्डर आठ दिवसांत येईल घरी." ऑर्डर हा शब्द ऐकल्यावर कुसुमने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून मला कागदावर उतरवता येत नाही.

मी आत गेले. बाई चुलीशी होती, पातेल्यात सरगुंडे उकडत होते. तिने माझ्या हातात झारा दिला आणि कानाशी येऊन म्हणाली, "पोरगी गुणाची हाय व. रंगानं सावळी, पण नाकीडोळी नीट. आपल्या वसंताले पाहाले काय हरकत हाय?" वसंता म्हणजे माझा भाऊ, त्याच्यासाठी त्या वर्षी मुली बघणं चालू होतं. "तुह्या संगंच होती ना होस्टेलले? कोनते वानखडे ते? आईचं मायेर कुठलं?"

मी त्या क्षणाचा हिशेब पुष्कळदा मांडला आहे. मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. 'तिचं लग्न ठरलंय' म्हणता आलं असतं. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी पडद्यांवर पाणी मारताना सुचलं, इतकं ते सोपं होतं. गोष्ट सोयरिकीपर्यंत गेली, तिथे खोटं कसं चालेल, असं मी स्वतःला सांगितलं. शाळेत मला खरं बोलण्याबद्दल बक्षीस मिळालेलं होतं. पण खरं बोलणं इतकं हलकं, इतकं जिभेच्या टोकावर आलेलं मला आयुष्यात पुन्हा कधी जाणवलं नाही. मी म्हटलं, "आपल्यातले नाहीत बाई. ते बौद्ध आहेत."

मला मत्सर वाटला होता का? 'शिक जरा हिच्याकडून' याचा तो सूड होता का? मला खरंच माहीत नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि हे मला माहीत नाही. एवढंच सांगू शकते की ते वाक्य बोलल्यावर मला बरं वाटलं. पाऊण मिनिटभर असेल.

बाईचा चेहरा वाईट झाला नाही. ती रागीट बाई नव्हती. तिने पदराने हात पुसले, सांडशी उचलली आणि मधल्या दाराच्या चौकटीवर दोनदा ठोकली. आबांना ती नावाने हाक मारत नसे. तिची बोलावण्याची रीत ती होती. आबा आत आले. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पातेलं उतू जात होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं हाय?" मी मान हलवली. ते माठातलं पेलाभर पाणी प्यायले. मग बाहेर गेले, आणि त्यांचा आवाज आला, मघाशी होता तसाच, प्रेमळ: "पोरी, तुही पॅसेंजर चुकन. उन्हाचं थांबू नको. निघ आता."

गाडीला अजून तीन तास होते. हे त्या बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

कुसुम म्हणाली, "हो, निघतो." बाईला राहवलं नाही, तिने सुके सरगुंडे जुन्या वर्तमानपत्रात बांधून माझ्याकडे दिले, "दे तिले, घरी उकडतीन." आमच्याकडे पाहुण्याला खाऊ डब्यात देत, म्हणजे डबा परत करायच्या निमित्ताने येणंजाणं राही. मी ती पुडी घेऊन फाटकापर्यंत गेले. कुसुमने ती घेतली नाही. "आमच्या घरीबी होतात सरगुंडे," ती म्हणाली.

फाटकाची कडी तापलेली होती. ती पदराने धरून तिने विचारलं, "तुले इचारलं त्यायनं?"

"बाईनं विचारलं."

"काय सांगतलं तू?"

"खरं ते."

"बरं केलं." ती कडी सोडेना. "मी कुठं लपोलं होतं? पुसलं असतं त म्याच सांगतलं असतं. पण मले नाई पुसलं कोनी. तुले पुसलं."

मी म्हटलं, "बाई वसंताची गोष्ट काढत होती. लग्नाची. म्हणून सांगावं लागलं."

कुसुम हसली, पाठ घेताना हसली होती तशी नाही. "बापा. नोकरी मांगाले आलो, नवरा देऊन राहिले होते." मग म्हणाली, "मले वाटलं होतं विमल, तू म्हनशीन, मले काय माईत." आणि उन्हातून स्टेशनच्या दिशेने चालायला लागली. मी पुडी घेऊन परत आले. जेवायला मोठ्या बाई आणि नानाकाका थांबले होते. रस गोड होता, सगळे तसं म्हणाले.

जेवणानंतर इतिवृत्त. आबांनी सांगायचं आणि मी लिहायचं. तिला का घेतलं नाही ते लिहावं लागणार होतं, कारण कुसुमची टक्केवारी पहिली होती आणि तक्ता शिक्षणखात्याकडे जाणार होता. आबा बराच वेळ सुपारी चघळत होते. नानाकाका म्हणाले, "लिही ना, आवाज लहान हाय म्हून. मागच्या बाकापर्यंत जात नाई."

मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज तर चांगला होता."

वाळ्यावरचं पाणी संपलं होतं, आणि त्या वेळी मी उठून पाणी मारायला हवं होतं. आबा म्हणाले, "लिही विमल." मी लिहिलं की, उमेदवार क्रमांक पाच यांचा आवाज वर्गाच्या मागील बाकापर्यंत पोहोचत नसल्याने त्यांची निवड करता येत नाही. अक्षर छापील. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सही केली. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो कशासाठी हे मला कळलं नाही.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. बाईने विचारलं तर म्हणाले, "लोकं काय म्हनतीन, सचिवाच्या घरात सोयरिकीपर्यंत गोष्ट गेली." थोड्या वेळाने अंधारात म्हणाले, "पाठ मात्र चांगला घेतला पोरीनं." ही दोन वाक्यं एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही मनापासूनची आहेत. तुम्हाला पणजोबांचा राग येणार असेल तर येऊ द्या, पण पहिलं वाक्य ऐकून दुसरं सोडून देऊ नका, आणि दुसरं ऐकून पहिलंही नको.

बाकीच्या चौघांत आबांना कुणी पसंत पडेना. शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले. मग नानाकाकाच म्हणाले, घरची पोरगी बी.एड. होऊन बसली आहे, अन् तुम्ही बाहेर काहून पाहता? मी नाही म्हटलं नाही. एकतीस वर्षं मी त्या शाळेत इंग्रजी शिकवलं. शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. मी वाईट शिक्षिका नव्हते; वेळेवर, नेटकी, वह्या तपासलेल्या. पहिल्या वर्षी मागच्या बाकावरच्या मुली हात वर करून म्हणत, "मॅडम, ऐकू नाई येऊन राहिलं." मी घशासाठी ज्येष्ठमध चघळायला लागले. त्या नोकरीच्या आधारावर तुमची आई शिकली, आणि तिच्या शिक्षणावर तुम्ही तिकडे आहात. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. फक्त धागा कुठून आला ते सांगते.

कुसुमला चार वर्षांनी मोर्शीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, राखीव जागेवर. मधली चार वर्षं ती गावात शिकवण्या घेत होती, असं ऐकलं. नंतर एकदाच आमची गाठ पडली, अमरावतीला दहावीच्या पेपर तपासणीच्या केंद्रावर. आम्ही तपासलेल्या पेपरांवर जे नजर टाकतात, चूक काढतात, त्यांना मॉडरेटर म्हणतात. कुसुम आमच्या हॉलची मॉडरेटर होती. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्याच शाळेतल्या एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाहा, कोट्यातल्या लोकांनी आता आपले पेपर पाहायचे." कुसुम दोन टेबलं पलीकडे होती. तिला ऐकू गेलं असावं, कारण तिचं लाल पेन क्षणभर थांबलं. हॉलमध्ये मी एकटी होते जिला माहीत होतं की या बाईने खुल्या जागेवर पहिली टक्केवारी आणली होती आणि ती जागा मला मिळाली. म्हणजे कुणाच्या तरी जातीमुळे नोकरी मिळालेलं माणूस त्या दोघींच्या मध्ये बसलेलं होतं. त्या दिवशीही खरं बोलायचं होतं, आणि त्या दिवशी ते जिभेवर आलं नाही. मी पुढचा पेपर ओढला.

रोहन, तुझा वादविवाद होऊन गेला आहे. तू 'पाहू नये' या बाजूने बोललास आणि दुसरा आलास, असं आईने सांगितलं. अभिनंदन. 'पाहू नये' हे आबाही म्हणत, शिसपेन्सील हातात असताना. राखीव जागा नसत्या तर कुसुम वर्गात उभी राहिलीच नसती. आणि त्या जागेवर बसली म्हणून लोकांनी तिला जन्मभर जे ऐकवायचं ते ऐकवलंच. तुझ्या देशात काय करावं हे मला कळत नाही. पण तिथेही एखादा तक्ता असेल आणि कुणीतरी तो रात्री घेऊन बसत असेल, असं मला वाटतं.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी कुसुमचं नाव बदललं होतं. मग ते बरोबर वाटेना. एका जुन्या सहकारी बाईंकडून तिचा नंबर मिळवला. ती निवृत्त होऊन अमरावतीला राहते, माझ्यापासून रेल्वेने दोन तासांवर, आणि कित्येक वर्षांपासून राहते. मी सकाळी अकरा वाजता फोन केला.

"कुसुम? मी विमल. अकोल्याची."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "बोल."

मी माफी मागायचं ठरवलं होतं, कागदावर लिहूनही ठेवलं होतं. पहिलं वाक्य वाचलं आणि तिने थांबवलं. "ते राहू दे. काहून फोन केला, ते सांग."

मी सांगितलं की नातवंडांसाठी लहानपणच्या, तरुणपणच्या गोष्टी लिहिते आहे, त्यात ही लिहिली आहे. नाव बदलून लिहू का खरं घालू, ते विचारायचं होतं.

"नाव काहून बदलतं माहं?" तिचा आवाज अजून तसाच होता, मला फोन कानापासून थोडा लांब धरावा लागला. "म्या काय केलं होतं? पाठ घेतला, घरी गेलो. पुरं नाव घाल. अन् तुहं घातलं का?"

मी म्हटलं, "माझं आहेच की. मी लिहिते आहे म्हटल्यावर..."

"नुसतं विमल?"

"हो."

"पुरं घालजो," ती म्हणाली. "ठेवतो आता."

फोन ठेवल्यावर मी ही पानं पुन्हा चाळली. तिची जात मी लिहिली आहे. मोठ्या बाईंची लिहिली आहे, माळ्यांचीही लिहिली आहे. आमच्याबद्दल लिहिताना प्रत्येक ठिकाणी 'आमच्यातले', 'आपले' एवढंच आहे. हे मी मुद्दाम केलेलं नाही, आणि तीच गोष्ट मला जास्त लागली. आम्ही देशमुख, मराठा. ती नोकरी ज्यांना मिळाली त्यांचं तेव्हाचं नाव कुमारी विमल विश्वासराव देशमुख, राहणार अकोला.